डोकं तापल्यावर गाडी कशी चालवायची: पाय आधी, मन नंतर

‘गाडी चालवताना राग आला तर शांत राहा, दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला सगळेच देतात. सल्ला चुकीचा नाही, क्रम चुकीचा आहे. माणूस मन शांत करायच्या खटपटीला लागतो आणि उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला राहतो. तापलेलं डोकं निवळायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात, अपघाताला दोन-तीन सेकंद पुरतात. म्हणून आधी पाय, मग अंतर, मग आरसे. मनाची समजूत सगळ्यात शेवटी.

रागाचा आणि अपघाताचा संबंध कागदावर फारसा दिसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशभरात १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले, त्यातले सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या रकान्यात. ‘राग’ असा रकानाच नाही. पंचनाम्यात टायरच्या खुणा मोजतात, पण आधीच्या सिग्नलला कोणाचं कोणाशी काय वाजलं होतं ते कोण लिहिणार? अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी हजारो चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून अपघाताआधीचे क्षण पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, चालकाच्या चेहऱ्यावर राग, दुःख किंवा रडू उघड दिसत असताना अपघाताचा धोका ९.८ पट निघाला. यात दुःख आणि रडूही आहे हे लक्षात ठेवा. म्हणजे भांडण रस्त्यावरच व्हायला हवं असं नाही, घरचं भांडण सोबत घेऊन निघालात तरी तेच.

## १. निघण्याआधी

रस्त्यावरच्या रागाचं अर्धं सामान घरून भरून येतं, आणि त्यात उशीर सगळ्यात वरती.

मॅपवर ४० मिनिटं दिसतात म्हणून बरोबर ४० मिनिटं आधी निघणं ही नेहमीची चूक. त्या ४० मिनिटांत सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडणं नाही, पेट्रोल नाही, ऑफिसजवळ पार्किंग शोधणं नाही. मॅप जे सांगेल त्यावर एक चतुर्थांश वेळ वाढवून निघा.

तरीही उशीर झालाच, तर गाडी सुरू करायच्या आधी ‘पंधरा मिनिटं उशीर होतोय’ असा मेसेज टाका. उशीर एकदा कबूल केला की तो भरून काढायची धडपड थांबते. भरूनही फार काही निघत नाही. २० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ६० ऐवजी ७० च्या वेगाने गेलात तर तीन मिनिटांच्याही आत वाचतात. शहरात तेवढी पुढचा एकच सिग्नल खातो. उलट ५० वरून ७० वर गेलात की धडकेची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. हा सौदा कोणत्याही दुकानात कोणी केला नसता.

बाकीची तयारी किरकोळ वाटते, पण हीच पुढे ठिणगी होते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का? मोबाइल स्टँडवर लावला का? रस्ता आधीच टाकून ठेवला का? टोलनाक्यावर फास्टॅग रिकामा निघणं आणि मागच्या दहा गाड्यांनी हॉर्नवर हात ठेवणं, एवढ्यावर पुढचे पन्नास किलोमीटर बिघडतात. पोटात काही नसताना आणि रात्री झोप झाली नसताना समोरच्याची साधी चूकही मुद्दाम केल्यासारखी वाटते.

तपासा: आत्ता कोणी नुसतं ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ असं विचारलं तर चिडून उत्तर द्याल का? द्याल असं वाटत असेल तर चहा घ्या, दहा मिनिटं बसा किंवा दुसऱ्या कोणाला चालवू द्या.

## २. तुमचा काटा कुठे आहे ते आधी शोधा

सगळ्यांना सगळ्या गोष्टींचा राग येत नाही. जेरी डेफेनबाकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९९४ मध्ये चालकांचा राग मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात चिडवणाऱ्या प्रसंगांचे सहा गट आहेत: अपमानकारक हावभाव, इतरांनी मोडलेले नियम, पोलिसांची उपस्थिती, संथ चालवणारे, उद्धटपणा आणि वाहतुकीतले अडथळे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एकाला राँग साइडने येणारा दिसला की आग लागते, दुसऱ्याला उजव्या लेनमध्ये चाळीसने रमतगमत चाललेला, तिसऱ्याला खड्डा. राँग साइडवाल्यावर भडकणारा माणूस तासभर कोंडीत निवांत गाणी ऐकत बसतो, हेही पाहायला मिळतं.

आठवडाभर, गाडी लावून झाल्यावर, मोबाइलमध्ये एक ओळ लिहा: कुठे, कशावरून, मग मी काय केलं. तिसरा भाग टाळू नका, नाहीतर ती नुसती तक्रारवही होते. स्वतःला काही सुचत नसेल तर शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला विचारा. बायकोला, नवऱ्याला, मुलांना ही यादी तोंडपाठ असते.

नेहमीची चूक: ‘मला रागबिग येत नाही, लोकच तसे चालवतात.’ आपण कट मारतो तेव्हा घाई असते, दुसरा मारतो तेव्हा माज असतो. हे गणित डोक्यात आहे तोवर यादी कोरीच राहणार.

## ३. पहिल्या खुणा

राग आल्याचं माणसाला शिवी दिल्यावर कळतं. तोवर हात-पाय बराच वेळ रागात गाडी चालवत असतात. म्हणून मनाकडे नको, शरीराकडे बघा.

सकाळी पावणेनऊ, वाकडकडून हिंजवडीकडे. सिग्नल सुटायला बारा सेकंद आहेत. डावीकडून एक टेम्पो तिरका होऊन पुढचं चाक तुमच्या बंपरसमोर आणून ठेवतो. तुम्ही काही बोललेला नाहीत. पण स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झालीत, खांदे कानांकडे सरकलेत, दात दातांवर बसलेत. डाव्या पायाने क्लच अर्धा सोडून गाडी वीतभर पुढे सरकवलीत, टेम्पोला जागा मिळू नये म्हणून. ती वीतभर जागा ही पहिली खूण. सिग्नल सुटेल तेव्हा दोन्ही चालक एकमेकांकडे बघत असतील आणि समोरून झेब्रावरून उरलेले दोघे जण पळत असतील.

बाकीच्या खुणा अशा. हॉर्न ‘पीं’ एवढाच वाजायचा, तो आता दाबून धरला जातो. समोरच्या गाडीचा नंबर तुम्ही मनात वाचता, आणि त्या नंबरशी एकेरीत बोलता. अप्पर-डिपर मारायला बोट तयार असतं. स्पीडोमीटरचा काटा नेहमीपेक्षा दहाने वर गेलेला असतो आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो.

यातली एक सवय मी सगळ्यांत घातक मानतो: ओव्हरटेक करताना मान वळवून ‘आहे तरी कोण हा’ हे बघणं. चालक जवळजवळ सगळेच हे करतात आणि आपण काही चुकीचं करतोय असं कोणालाच वाटत नाही. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद मान वळली म्हणजे ३३ मीटर गाडी आंधळी गेली, आणि तीही दुसऱ्या गाडीला खेटून. बरं, बघून मिळतं काय? एक चेहरा, तोही चिडलेला.

सावधान: हॉर्न वाजवून राग हलका होत नाही, वाढतो, आणि तो आजूबाजूच्या चौघांना वाटला जातो. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक मासलेवाईक प्रयोग जाहीर केला होता: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. हॉर्न मारा आणि आणखी थांबा. हा प्रयोग कायमचा प्रत्येक चौकात हवा होता असं माझं मत.

## ४. कोणी कट मारला तर: चार कृती, याच क्रमाने

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर हा टप्पा तरी वाचा.

पहिली कृती: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला. ब्रेक मारायला नव्हे, फक्त उचला. धडक टाळण्यासाठी ब्रेक लागणार असेल तर तो लागेलच, ते सांगावं लागत नाही. पण बहुतेक वेळा कट मारणारा पुढे निघून गेलेला असतो आणि त्याला ‘दाखवण्या’साठी आपण मारलेला ब्रेक त्याला नव्हे, मागच्याला भोवतो. मागे मोटरसायकलवर दोघे आणि मध्ये मूल असेल तर ते तुमच्या डिकीत येतील.

दुसरी कृती: अंतर परत मिळवा. कट मारणाऱ्याने तुमच्यासमोरची जागा खाल्ली. ती त्याच्याकडून परत मिळणार नाही, मागे सरून नवी करावी लागते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन’ मोजा. तुम्ही त्या खांबाशी याच्या आधी पोहोचलात तर अजून जवळ आहात. पावसात ‘एकशे चार’पर्यंत मोजा. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, एका सेकंदात ब्रेकवर पाय गेला असं धरलं तरी गाडी थांबायला ६० च्या वेगात साधारण ३७ मीटर लागतात, ८० ला ५८ आणि १०० ला ८० च्या वर. चिडलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर नसतो, अ‍ॅक्सिलरेटरवर असतो, त्यामुळे तो एक सेकंदही गृहीत धरू नका.

इथे हमखास आक्षेप येतो: ‘अंतर ठेवलं की दुसरा घुसतो.’ घुसतो, खरं आहे. त्याच्यासाठी पुन्हा पाय उचला. हडपसर ते स्वारगेट असे पाच-सात जण घुसले तरी तुमचं नुकसान पाच-सात गाड्यांच्या लांबीचं, म्हणजे काही सेकंदांचं.

तिसरी कृती: तिन्ही आरसे बघा. आतला, उजवा, डावा. याने दोन कामं होतात. मागे कोण आहे ते कळतं, आणि त्या एका नंबरप्लेटवर खिळलेली नजर सुटते. रागात नजर अरुंद होते. बाजूने येणारा सायकलवाला, दोन रिक्षांच्या फटीतून निघालेली बाई, हे कडेचं सगळं पुसलं जातं. आरसे बघणं ही नजर परत रुंद करायची सगळ्यांत सोपी युक्ती आहे.

चौथी कृती: आता श्वास. हळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. खांदे खाली. मग हवं तर त्याच्यासाठी एखादं कारण शोधा: घाईत असेल, शिकाऊ असेल, पोराला दवाखान्यात नेत असेल. खरं असण्याची गरज नाही. त्याचा हेतू तुम्हाला नाहीतरी कळणार नाहीच, मग गाडी चालवायला सोयीचं ते कारण धरा.

तपासा: कट बसल्यानंतर पुढच्या सिग्नलला तुम्ही मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन थांबलात का? थांबलात तर चारही कृती वाया गेल्या. दुसऱ्या लेनला जा, नाहीतर दोन गाड्या मागे राहा.

## ५. मागून चिकटणारा आणि समोरून साइड न देणारा

मागचा अगदी बंपरला चिकटलाय आणि अप्पर मारतोय. इथे सगळ्यांत मोठी चूक म्हणजे त्याला धडा शिकवायला ब्रेकचा दिवा चमकवणं. पुढची गाडी आणि तुम्ही यांतलं अंतर उलट वाढवा, म्हणजे तुम्हाला कधीच करकचून ब्रेक मारावा लागणार नाही. डावीकडे जागा मिळाली की इंडिकेटर देऊन साइड द्या. साइड देणं म्हणजे हार, ही समजूत फक्त आपल्याच डोक्यात असते. मागच्याला तर तुम्ही दोन मिनिटांत आठवतही नाही.

समोरचा साइड देत नाही, हे जास्त अवघड प्रकरण. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाटात एक ट्रक दुसऱ्या ट्रकला मुंगीच्या पावलाने ओव्हरटेक करतोय आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग लागलीय. नियमाने त्याने डावी लेन धरायला हवी, हे सगळं मान्य. तरी डावीकडून घुसून पुढे जाऊ नका. भरलेल्या ट्रकच्या केबिनमधून डाव्या अंगाला लागून असलेली कार दिसत नाही. उतारावर तर त्याच्या पुढे जाऊन ब्रेक मारणं हा आत्मघात आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता पुणेकरांना माहीत आहे. तिथे भरलेली गाडी चालकाला हवी तेव्हा थांबत नाही, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारेही आहेत.

दुपदरी रस्त्यावर एकदा हिशेब करून ठेवा. ट्रक ५० ने चाललाय, तुम्ही ७० ने ओव्हरटेक करताय. मागचं-पुढचं अंतर आणि ट्रकची लांबी धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा ५० मीटर जास्त जायचंय. फरक ताशी २० किलोमीटरचा, म्हणजे नऊ सेकंद लागले. तेवढ्यात तुम्ही १७५ मीटर गेलात, आणि समोरून ७० ने येणारी एसटी आणखी १७५ मीटर जवळ आली. साडेतीनशे मीटर मोकळा, दिसणारा रस्ता हवा. कोकणातल्या वळणांवर एवढा रस्ता क्वचितच दिसतो. दहा मिनिटं ट्रकमागे धूर खाल्लेला माणूस दीडशे मीटर दिसले तरी बाहेर काढतो, कारण तो रस्ता मोजत नसतो, आपला खोळंबा मोजत असतो.

तपासा: ओव्हरटेकला बाहेर पडण्याआधी स्वतःला विचारा, हा ट्रक आत्ताच समोर आला असता तर मी इथे काढली असती का? नसती, तर धाब्यावर पाच मिनिटं थांबा.

## ६. दुचाकीवर असाल तर

वरचं सगळं लागू, फक्त चुकीला पत्र्याचं कवच नाही. कारवाल्याशी वाद घालायला त्याच्या काचेला समांतर चालवू नका. आरशावर थाप मारणं, लाथ मारणं हे तर मुळीच नको. तोल तुमचा जाणार आहे, त्याचा नाही. एक हात सोडून हातवारे करणाऱ्याच्या समोर खड्डा आला की पुढचं सांगायला नको. हेल्मेटचा पट्टा लावलेला असू द्या. चिडून गाडी बाजूला घेतलेले लोक हेल्मेट काढून भांडायला जातात आणि परत निघताना ते आरशाला अडकवून ठेवतात.

## ७. समोरचाच अंगावर आला तर

काच वर, दारं लॉक, गाडी गिअरमध्ये. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवूनच थांबत जा की वळवून निघता येईल. तिचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत. त्याच्याकडे बघू नका, हात जोडून ‘जाऊ दे’ अशी खूण करा आणि निघा. चूक कोणाची होती याचा निकाल चौकात लागत नाही.

पाठलाग होतोय असं वाटलं तर घरी जाऊ नका, पत्ता दाखवून बसाल. पोलिस चौकी, पेट्रोलपंप किंवा वर्दळीच्या हॉटेलसमोर थांबा आणि ११२ वर फोन लावा. सोबत कोणी असेल तर फोन त्याने करावा. नंबर, गाडीचा रंग आणि ठिकाण, एवढं पुरतं.

सावधान: व्हिडिओ काढायचा तर मोबाइल त्याच्या तोंडासमोर नाचवू नका. डॅशकॅम असेल तर तो आपलं काम करतोच.

आणि गाडी आडवी घालायची इच्छा झालीच, तर कायदा आठवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुद्दाम अंगावर गाडी घातली तर तो अपघात राहत नाही, भारतीय न्याय संहितेतली खुनाच्या प्रयत्नाची कलमं लागू शकतात.

## ८. धक्का लागलाच तर

क्रम असा: गाडी थांबवा, हजार्ड लाइट लावा, कोणाला लागलंय का ते बघा. जखमी असेल तर आधी उपचार, १०८ किंवा ११२. कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारीच आहे. कोणाला लागलं नसेल तर दोन्ही गाड्यांचे नंबरासह फोटो काढा आणि गाड्या बाजूला घ्या. द्रुतगती मार्गावर बॅरिअरच्या पलीकडे उभे राहा, दोन गाड्यांच्या मध्ये तर कधीच नाही.

लोक नेमकं उलट करतात. दार उघडतात तेच ओरडत, मागून येणारी गाडी न बघता. पहिलं वाक्य ‘दिसत नाही का?’ असलं की पुढचा अर्धा तास गेला. पहिलं वाक्य ‘लागलं का कुठे?’ असू द्या, बहुतेक माणसं तिथेच खाली येतात. नुकसानभरपाईचं बोलणं विमा आणि पोलिसांवर सोडा, रस्त्यात पैशांची देवघेव नको.

## ९. गाडी लावल्यावर

पोहोचल्या पोहोचल्या ऑफिसात किस्सा रंगवून सांगू नका. सांगताना राग पुन्हा पहिल्यापासून चढतो आणि संध्याकाळी तोच घेऊन परत निघता. आधी पाणी प्या, दोन जिने चढा, मग टप्पा २ मधली ओळ लिहा.

आठवड्याने यादी वाचा. एकाच चौकाचं नाव तीनदा आलं असेल तर मनःशांतीचे उपाय बाजूला ठेवून रस्ता बदला किंवा वीस मिनिटं आधी निघा. एकच वेळ पुन्हा पुन्हा येत असेल, समजा संध्याकाळी सातनंतर, तर निघण्याआधी काहीतरी खाऊन घ्या. आणि दरवेळी शेजारी तीच एक व्यक्ती असेल, तर महत्त्वाचे विषय गाडीत काढायचे नाहीत असं दोघांनी ठरवून टाका.